आपल्या माणसांची भांडी

जितेंद्रचा फोन आला तेव्हा सुलूकाकी ओट्याशी बोंबील साफ करत उभी होती आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी फरशा फोडत होतं. हात मासळीचे, म्हणून तिनं कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला.

“वहिनी, रविवारी आमची अनुष्का येतेय गाळ्यावर. रिक्वायरमेंट घ्यायला.”

त्या खडखडाटात सुलूकाकीला ऐकू आलं ते ‘रिटायरमेंट’.

“बरं,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला. वरचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं, पण व्हायचा तो घोटाळा होऊन गेला होता.

जितेंद्र म्हणजे ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष. संगमेश्वराकडच्या एका गावातली माणसं पोटापाण्यासाठी आधी लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहिली, तिथं अंग टेकायला जागा उरेना तेव्हा भाईंदरला सरकली, आणि मराठी माणूस कुठंही गेला की जे करतो तेच त्यांनी केलं. मंडळ काढलं. मंडळ म्हटलं की भांडणं आली आणि भांडीही आली. भांडणं यथावकाश घरोघर वाटली गेली. भांडी मात्र नवघर रोडजवळच्या एका जुन्या इमारतीतल्या तळमजल्याच्या गाळ्यात राहिली. मोठाले टोप, पराती, झारे, ओगराळी, पाण्याची पिंपं, सतरंज्या. कुणाकडं लग्न असो, बारसं असो की तेरावं, भांडी न्यायची आणि काम उरकलं की आणून द्यायची. गाळ्याची किल्ली सुलूकाकीकडं असे.

आता तिला रिटायर करावं असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. गेल्या वैशाखात एकाच दिवशी तिनं तोच मोठा टोप दोन घरांना कबूल केला होता. एका घरच्यांना ऐनवेळी केटररच्या दारात उभं राहावं लागलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बोलल्याशिवाय राहतील तर ती आपली माणसं कसली? ‘सुलूवहिनींचं वय झालं’ हे वाक्य चार तोंडांतून फिरून तिच्यापर्यंत आलंच. तिनं ते ऐकून घेतलं. चूक तिचीच होती.

किल्ली गेल्याचं दुःख झालं असतं, पण खरी भीती निराळी होती. नवरा काशीनाथ जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. मंडळाची माणसं तिला फोन करत ती भांड्यांसाठी. दार वाजवत तीही भांड्यांसाठी. मग दारात आलेच आहेत तर चहा होई, गप्पा होत, पोराबाळांची खबर कळे. किल्ली गेली की हे दार कोण वाजवणार? त्या संध्याकाळी बोंबील तिनं तळले, पण खाल्ले नाहीत.

निघायचंच आहे तर चोख हिशेब देऊन निघावं, असं ठरवून तिनं शनिवारभर सगळी भांडी बाहेर काढून घासली. रविवारी सकाळी अनुष्का लॅपटॉप घेऊन आली तेव्हा गाळ्यापुढं सगळं भांडार उन्हात चकाकत होतं आणि सुलूकाकी इस्त्रीचं पातळ नेसून स्टुलावर बसली होती.

“काकी, कुणाचं लग्नबिग्न आहे का?”

“न्हाय पोरी. मोजून घे. ही किल्ली.”

“मला कशाला किल्ली?”

“मग रिटायरमेंट कशी घेशील?”

अनुष्काला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघून गेला. “काकी, रिक्वायरमेंट! म्हणजे तुम्हाला काय काय हवंय ते विचारायचं. मंडळाचं सॉफ्टवेअर करतोय ना आपण. फोनवर बुकिंग होईल, म्हणजे एक टोप दोघांना जाणार नाही. पण ते बनवण्याआधी ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना विचारावं लागतं. कंपनीत माझं कामच ते आहे. लोकांना विचारत हिंडायचं.”

“आनि त्याचा पगार देतात?”

“बरा देतात.”

सुलूकाकीही हसली. मनावरचा धोंडा उतरला. मग दोघींनी मिळून भांडी आत नेली, आणि अनुष्का लॅपटॉप मांडीवर घेऊन एका पालथ्या टोपावर बसली. पोरगी जितेंद्रची मुलगी, म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने कार्यकर्ते बबनदादा यांची नात. विचारायची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. ती घाई करत नसे आणि उत्तर आलं की लगेच मान डोलवत नसे.

“पहिला प्रश्न. भांडी कुणाला देता?”

“आपल्या मानसांना.”

“आपली म्हणजे आपल्या गावची?”

“गावची तर हायतच. पन जयाबेनच्या पोरीच्या लग्नाला दिलेली की. पहिल्या मजल्यावरची गुजराती.”

“मग आपली म्हणजे या बिल्डिंगमधली?”

“न्हाय गं. तो गॅरेजवाला मिश्रा कुठं बिल्डिंगमधला? त्याची आई वारली तवा तेरवीला नेली त्यानं.”

“मग काकी, ‘आपला’ म्हणजे नक्की कोण? मला लिहावं लागेल ना. कम्प्युटरला ‘आपला’ समजत नाही.”

सुलूकाकी किल्ली बोटांत फिरवू लागली. इतकी वर्षं हा शब्द तिनं तोंडात घोळवला होता, पण त्याचा अर्थ कुणी विचारला नव्हता. “आमच्या ह्यांना ठाव,” ती म्हणाली. “मी आपली त्यांच्या मागनं देते.”

ह्यांचं म्हणजे काशीनाथचं खरंच एक तंत्र होतं. काशीनाथ रहाटे भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगला होता. म्हणजे भांड्याला चकाकी आणायची आणि स्वतः काळंठिक्कर होऊन घरी यायचं. मंडळासाठी भांडी जमवली ती त्यानंच. त्या काळी भाईंदरात हॉल नव्हते, केटरर नव्हते. नवीन इमारती चिखलात उभ्या, मागं लव्हाळ्याचं रान, आणि लग्नं लागायची गच्चीवर. पाणी टँकरनं यायचं. टँकर आला की नवरीची आईसुद्धा हळदीच्या हातांनी बादली घेऊन धावायची. अशा दिवसांत मोठा टोप ज्याच्याकडं तो राजा. म्हणून मंडळाच्या पहिल्याच सभेत बबनदादांनी ठराव मांडला की भांडी आमच्या माणसांनाच मिळतील, बाहेरच्यांना नाही. ठराव टाळ्यांत पास झाला आणि सांभाळायला काशीनाथकडं आला.

काशीनाथनं काय केलं? त्यानं ठराव मोडला नाही, फक्त एक शब्द बदलला. ‘आमच्या’च्या जागी तो ‘आपल्या’ म्हणू लागला. बबनदादांनी विचारलं, काय रे, भांडी कुणाला देतोस? तो म्हणे, “आपल्या माणसांनाच देतो.” बबनदादा खूश. दुसऱ्या दिवशी जयाबेन दारात येई. तिलाही तो हेच सांगे, “आपल्या माणसांनाच देतो हं.” ती खूश होऊन पराती उचले, कारण गुजरातीतही ‘अमारा’ वेगळं आणि ‘आपणा’ वेगळं. मिश्रा आला तर “सिर्फ अपने आदमी को देते हैं,” आणि मिश्रा म्हणे, “तो हम कौन पराये हैं काका?” आपल्या भाषेची ही खासी गंमत आहे. ‘आमचं’ म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर राहतो, ‘आपलं’ म्हटलं की आत येतो. ठराव तोच, वाक्य तेच, आणि आयुष्यभरात काशीनाथला कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. असा माणूस राजकारणात असता तर कुठल्या कुठं गेला असता. तो बफिंगमध्येच राहिला.

सुलूकाकीनं हे सगळं सांगितलं तेव्हा अनुष्का टाइप करायचं विसरून ऐकत राहिली. काशीनाथबद्दल बोलायला लागली की सुलूकाकीचं वय उतरायचं. दोघांचं जमलं ते मासळी बाजारात. ती भाईंदरजवळच्याच मुर्धा गावची, आगरी घरची पोर. आईबरोबर टोपली घेऊन भाईंदर पश्चिमेला बसायची. काशीनाथ रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेकडून यायचा, बोंबील उचलून वास घ्यायचा आणि नाक मुरडायचा. रत्नागिरीच्या माणसाला वाटतं मासे फक्त आपल्यालाच कळतात. “घेयाचं तर घे, नायतर फूट,” असं तिनं त्याला सुनावलं आणि तो रोज येऊ लागला. वर्षभरानं मुर्ध्याच्या घरातून शिव्या खाऊन, रत्नागिरीच्या घरातून अबोला घेऊन दोघांनी लग्न केलं. इथवरची गोष्ट ती सगळ्यांना हसत हसत सांगे.

त्यापुढची सांगत नसे. लग्नानंतर मंडळाची पहिली सत्यनारायणाची पूजा आली. बायका गच्चीवर चुलाणाशी बसल्या होत्या. नवी सून म्हणून सुलू पदर खोचून पुढं झाली आणि वाटाण्याच्या टोपात कालथा घालणार तोच बबनदादांचा आवाज आला. ते तेव्हा तरुण होते, मंडळाचे सर्वेसर्वा होते. “काशीनाथ, नैवेद्याची चूल आहे. तुझी बायको आमच्यातली नाही. तिला म्हणावं, भांडी घासायला चालेल.” बाकीच्या बायका पुन्हा कामाला लागल्या. तिनं कालथा खाली ठेवला आणि जेवणं उरकल्यावर भांडी घासायला बसली.

एकटी नव्हे. काशीनाथ पँट दुमडून तिच्याशेजारी येऊन बसला. ज्या माणसानं दिवसभर कारखान्यात भांडीच घासली तो सुट्टीच्या दिवशीही राख आणि नारळाची शेंडी घेऊन टोपात डोकं घालून बसला. भांडं गोल गोल न घासता एका दिशेनं कसं घासायचं, चकाकी कशी आणायची, हे तो तिला दाखवत राहिला. ती रडत होती आणि तो मुद्दाम कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करत होता. शेवटी तिला हसू फुटलं. भांडी अशी उजळली की पुढच्या वर्षी सगळे म्हणाले, भांडी सुलूकडंच द्या. तिथून किल्ली तिच्या कनवटीला आली. लोकांना वाटायचं हा मान आहे. तिलाही पुढं पुढं तसं वाटू लागलं, कारण नंतरची वर्षं खरंच सुखाची गेली. गच्चीवरची लग्नं, उरलेल्या बुंदीचा चुरा, टँकरच्या पाण्यावरून होणारी भांडणं आणि त्यात काशीनाथचं मध्ये पडून मार खाणं. आज त्या गच्चीवर मोबाइलचे टॉवर आहेत. मागच्या रानात चकाचक टॉवर उठलेत आणि तिथल्या लोकांना शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं. सुलूकाकीला कुणी विचारलं असतं की तुला काय परत हवंय, तर ती म्हणाली असती, ती घासायची संध्याकाळ.

“आणि काकी, पूजेच्या स्वयंपाकात तुम्ही काय करता?” अनुष्कानं जाता जाता विचारलं.

“मी भांड्यांची गं,” सुलूकाकी म्हणाली आणि गाळ्याचं शटर ओढायला उठली.

पुढच्या रविवारी जितेंद्रच्या घरी सभा भरली. मंडळाची पाच-सहा माणसं, सोफ्यावर बबनदादा, त्यांच्या बाजूला त्यांची बायको आशावहिनी, दाराजवळच्या खुर्चीत सुलूकाकी. अनुष्कानं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. सॉफ्टवेअर कसं दिसेल त्याचा कच्चा आराखडा टीव्हीवर आला. जितेंद्रनं सुचवल्याप्रमाणे त्यात दोन रकाने होते, एक ‘सभासद’ आणि दुसरा ‘बाहेरचे’.

“यात एक अडचण आहे,” अनुष्का म्हणाली आणि तिनं काशीनाथची सगळी करामत सभेला सांगितली.

बबनदादांचा विश्वासच बसेना. “अरे, मला तर तो शपथेवर सांगायचा! आपल्याच माणसांना देतो म्हणून!”

“आजोबा, जयाबेनलाही शपथेवर तेच सांगायचे.”

आशावहिनींना जे हसू फुटलं ते आवरेना. “इतकी वर्षं तुम्हाला गुंडाळलं हो त्यानं,” त्या म्हणाल्या. बबनदादाही हसले. ज्या माणसानं फसवलं तो आता नव्हता, आणि नसलेल्या माणसावर रागावून तरी काय करणार? कुणीतरी म्हणालं, जयाबेनच्या मुलीच्या लग्नात आपणही जेवलो होतोच की. जितेंद्रनं थोडी कुरकुर केली, पण दोन रकाने पुसून एकच झाला, ‘भांडी नेणारे’. सुलूकाकीचा ऊर भरून आला. ह्यांनी असायला हवं होतं, असं तिला वाटलं.

“आता भांडी देणारं कोण ते,” अनुष्का म्हणाली. “लॉगिन काकींच्या नावानं करायचंय. पण सभासद यादीत काकींचं नाव सापडत नाही.”

“ते कसं असेल?” जितेंद्र म्हणाला. “सभासदत्व घरातल्या पुरुषाच्या नावावर असतं. काशीनाथदादांनंतर मुलाकडं गेलं असतं.” तो अवघडून थांबला. जितेंद्र वाईट नव्हता, नियमानं चालणारा होता. मग त्याला तोडगा सुचला आणि चेहरा उजळला. “असं कर, ‘कर्मचारी’ लिही. म्हणजे वहिनींना महिन्याला थोडं मानधनही देता येईल. इतकी वर्षं फुकट राबल्या बिचाऱ्या.”

सगळ्यांना हे पटलं. दोघातिघांनी ‘हो हो, बरोबर’ म्हटलं. सगळ्यांच्या नजरा दाराजवळच्या खुर्चीकडं वळल्या.

“चालेल,” सुलूकाकी म्हणाली.

अनुष्काची बोटं कीबोर्डवर थांबली. तिच्या धंद्यात तिला कुठल्या शब्दाची धास्ती होती तर ती याच शब्दाची. ‘नाही’ म्हणणारं गिऱ्हाईक परवडतं. ‘चालेल’ म्हणणारं गिऱ्हाईक सगळं बनवून झाल्यावर तोंड पाडून बसतं आणि मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मराठी माणूस तर दुसऱ्याच्या घरी कारल्याचा रससुद्धा ‘चालेल’ म्हणून पितो.

“काकी,” तिनं विचारलं, “चालेल, की हवंय?”

असा प्रश्न सुलूकाकीला जन्मात कुणी विचारला नव्हता. तिनं पदर सारखा केला. जितेंद्र म्हणाला, “अगं, त्या हो म्हणाल्या ना?” अनुष्का बापाकडं न बघता काकींकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती.

“न्हाय,” सुलूकाकी म्हणाली. आवाज इतका बारीक की पंख्याखाली बसलेल्यांना ऐकू गेला नाही. मग तिनं मान वर केली. “मना न्हाय चालनार.”

इतक्या वर्षांत रत्नागिरीच्या माणसांत राहून तिची मुर्ध्याची बोली कडांनी झिजली होती. आता ती सबंध बाहेर आली. “आजवर मी घासलं ते घरचं म्हनून घासलं. तुमी पैसं दिलं का मी घासनारीच झाले. मंग पहिल्या दिवशी जे बोललं त्येच खरं झालं. मना कनाला पगार? मी कधी मागला?”

जितेंद्रचा चेहरा पडला. “वहिनी, तसं नव्हतं हो...”

“मग तुम्हाला काय हवंय काकी?” अनुष्कानं विचारलं.

सुलूकाकीला वाटलं, म्हणावं काही नको. जिभेवर तेच आलं होतं. पण पोरगी थांबली होती, आणि इतकं बोलल्यावर माघार घेणं तिला जमेना.

“पूजेच्या चुलीवर रांधायचंय मना. एकदा.”

सभेला काही कळेना. बबनदादा तर मोठ्यानं म्हणाले, “मग रांध की! तुला कुणी अडवलंय?”

“तुमी.”

“मी? कधी?”

“म्हणाला होतात,” आशावहिनी म्हणाल्या. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. “तिचं लग्न झालं त्या वर्षी. मी तिथंच नारळ खवत होते. मला वाईट वाटलं होतं, पण तेव्हा तुमच्यापुढं बोलायची माझी तरी कुठं छाती होती?”

बबनदादांनी कपाळाला आठ्या घालून खूप आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. ते ढोंग करत नव्हते, हे सुलूकाकीला दिसत होतं आणि त्याचाच तिला संताप आला. ज्या शब्दासाठी ती चाळीस वर्षं चुलीपासून चार हात लांब उभी राहिली, तो बोलणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकला नव्हता. मधल्या काळात ती बंदी कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. म्हणूनच ती उठवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

“हे सॉफ्टवेअरमध्ये कुठं बसत नाही,” अनुष्का हळूच म्हणाली.

“बसवू नकोस,” आशावहिनी म्हणाल्या. “येत्या पूजेला काळ्या वाटाण्यांचं तिच्याकडं. मी फक्त खवायला बसेन.” आणि नवऱ्याकडं वळून, “तुमचं काही म्हणणं?”

बबनदादांनी मान हलवली. मग जितेंद्रला म्हणाले, “सभासदात घाल हिचं नाव. नियम काय तो बदल. तुला कळत कसं नाही?” जणू नियम जितेंद्रनंच केला होता.

पूजेच्या दिवशी सुलूकाकी पदर खोचून चुलीशी बसली. काळ्या वाटाण्यांची उसळ तिनं काशीनाथसाठी घरात किती वेळा केली असेल याला गणती नाही. नवऱ्याच्या गावची चव तिनं त्याच्याकडूनच शिकली होती, तो जेवता जेवता चुका काढायचा तशी. पण घरच्या पातेल्यात करणं वेगळं आणि सगळ्या गावासाठी करणं वेगळं. शिवाय नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. तिखट, मीठ, गूळ सगळं अंदाजानं. आशावहिनी शेजारी बसून मुकाट्यानं नारळ खवत होत्या. एकदाही त्यांनी ‘असं कर, तसं कर’ म्हटलं नाही. सासरच्या बाईच्या मानानं ही मोठीच तपश्चर्या होती.

आरती झाली, नैवेद्य झाला, हॉलमध्ये पंगत बसली. सुलूकाकी स्वतः वाढत होती. पानापानावरून शब्द येत होते. “काकी, छान झालंय हं.” “वा वहिनी, मस्तच.” “एकदम हॉटेलसारखं.” जितेंद्रनं तर उठून फोटो काढला. सगळे मनापासून बोलत होते आणि सुलूकाकीला प्रत्येक शब्दागणिक थोडं थोडं परकं वाटत होतं. जेवणाला इतकं छान छान कोण म्हणतं? परक्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवायला गेलेला माणूस. ती हसत होती, ‘घ्या अजून’ म्हणत होती, आणि मनातून खट्टू होत होती. हट्ट धरून मागितलं ते मिळालं, आता अजून काय हवं, असं तिनं स्वतःला दटावलंही.

शेवटच्या पानावर बबनदादा होते. गुडघ्यांमुळं खाली बसता येत नसल्यानं त्यांना टेबल दिलं होतं. त्यांनी भातावर उसळ घेतली, कालवली, पहिला घास घेतला. मग दुसरा. मग हात थांबवला.

“मीठ कमी आहे गो,” ते म्हणाले, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

जितेंद्र घाईनं म्हणाला, “बाबा, बरोबर आहे हो.”

“तू गप रे. काय बरोबर आहे?” बबनदादांनी सुलूकाकीकडं मान वळवली. “मुर्ध्याची ना तू? मिठागरांच्या गावची पोर, आणि मिठाला एवढी चिक्कू? सगळं माहेरीच ठेवून आलीस काय? पुढच्या वर्षी हात जरा सैल सोड.”

पंगत हसली. आशावहिनींनी कपाळावर हात मारला. सुलूकाकी हातात ओगराळं घेऊन तशीच उभी राहिली. काशीनाथशी लग्न करून इतकी वर्षं झाली, पण सासरच्या माणसानं माहेरावरून टोमणा मारावा, हे भाग्य तिला आज पहिल्यांदा लाभलं होतं. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही एकदम आवरणं काही जमेना.

“तुमच्या जिभेलाच चव ऱ्हायली न्हाय दादा!” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “घेवा वरनं मीठ!”

आणि मिठाची वाटी आणायला ती आत गेली, ती जरा उशिरानंच बाहेर आली.